पत्रे उतरवण्याआधी : पुण्यातल्या सोसायटीने ॲस्बेस्टॉसचं काम कसं सांभाळायचं

आमच्या सोसायटीच्या स्कूटर पार्किंगवरचे सिमेंटचे पत्रे काढले त्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर वॉचमनची सहा-सात वर्षांची पोरगी पत्र्याच्या तुकड्याने फरशीवर लंगडीची घरं आखत बसली होती. खडूसारखी छान पांढरी रेघ उठते त्याची. तिची आई शेजारीच सुक्या झाडूने बाकीचा चुरा गोळा करत होती, पत्रे काढणारी पोरं रुमाल सोडून चहा पीत बसलेली. काही चुकतंय असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही. तो पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस आणि तो असा फोडायचा नसतो हे मला नंतर कळलं, आणि ती पोरगी अजून डोळ्यासमोरून जात नाही. आता आमची मेन बिल्डिंगच रिडेव्हलपमेंटला चाललीय, त्यामुळे गेले काही महिने कमिटीत हा एक विषय धरून बसलोय. जे समजलं ते इथे लिहून ठेवतो. कोथरूड, बिबवेवाडी, सहकारनगर, एरंडवणे, जिकडे बघाल तिकडे जुन्या सोसायट्या पडतायत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. खाणीतून काढणं बंद झालंय, पण पांढरा ॲस्बेस्टॉस बाहेरून आयात होतो आणि त्याचे पत्रे आजही राजरोस विकले जातात. इंग्लंडमध्ये पांढऱ्यावर १९९९ ला बंदी आली, अमेरिकेने २०२४ मध्ये आणली. तिकडे इमारत पाडायची तर आधी ॲस्बेस्टॉस शोधायचा सर्व्हे करावाच लागतो, अमेरिकेत तर पाडकामाआधी किमान १० कामाचे दिवस सरकारी खात्याला कळवावं लागतं. आपल्याकडे घरगुती सोसायटी पाडताना असा सर्व्हे करा म्हणून गेटवर कुणी येत नाही. पाडकामाच्या सेफ्टीचा आयएस ४१३० आहे (आयएस म्हणजे भारतीय मानक), ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या वस्तू कशा हाताळायच्या त्याचा आयएस ११७६९ आहे, त्याचा कचरा कसा टाकायचा त्याचा आयएस ११७६८ आहे, पण ही पुस्तकं ठेकेदाराच्या करारात लिहिली तरच साइटवर येतात, नाहीतर कपाटात राहतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नियम आपणच करायचा, तो टेंडरमध्ये आणि करारात लिहायचा आणि पत्र्याला हात लागायच्या आधी लिहायचा. एकदा काम सुरू झालं की मुकादम कुणाचं ऐकत नाही.

हे एवढं गंभीर का तेही थोडक्यात सांगतो. ॲस्बेस्टॉस हे खनिज, त्याचे धागे केसापेक्षा कितीतरी पटीने बारीक होतात, डोळ्यांना दिसत नाहीत, वास येत नाही, खोकला येत नाही, हवेत तासन् तास तरंगतात. श्वासातून आत गेले की फुप्फुसात अडकून राहतात. त्याने ॲस्बेस्टॉसिस होतो, म्हणजे फुप्फुस हळूहळू कडक होत जातं, फुप्फुसाचा कॅन्सर होतो, आणि मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. हे सगळं बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी बाहेर येतं. आज पत्रा फोडणारा पंचविशीतला मुलगा पन्नाशीत आजारी पडणार, तेव्हा त्याला आपली सोसायटी आठवणारसुद्धा नाही. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांना तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका अजून कितीतरी वाढतो. "पांढरा सेफ असतो, निळा वाईट" असं दुकानदार सांगतात, त्यावर जाऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सगळेच प्रकार माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेत.

पण घाबरून उद्याच पत्रे उचकटायला जाऊ नका. धडधाकट पत्र्यात धागा सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो, वजनाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि नुसता डोक्यावर असलेला अख्खा पत्रा फारसं काही करत नाही. धागा सुटतो तो फोडताना, कापताना, ड्रिल मारताना, घासताना आणि सुका झाडताना. पत्रा चांगला असेल आणि बिल्डिंग पडणार नसेल तर तो तसाच ठेवणं, फार तर वरून ओला करून रंगाचा हात देणं हे काढण्यापेक्षा बरं असतं. काढायचा तो फुटलेला, कडा पिठासारख्या भुसभुशीत झालेला, किंवा ज्याच्याखालची इमारतच जाणार आहे तो.

आता ओळखायचं कसं. इंटरनेटवरचे बाहेरचे गाइड वाचाल तर ते म्हणतात बिल्डिंग २००० नंतरची असेल तर काळजी नको. हे तिथल्या बंदीमुळे खरं आहे, पुण्यात याचा काही उपयोग नाही कारण इथे गेल्या वर्षी टाकलेला पत्रासुद्धा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. वयावरून ठरवू नका. पत्र्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून छापलेलं बघा, आयएस ४५९ असं दिसलं तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा, आयएस १४८७१ असेल तर बहुतेक बिन-ॲस्बेस्टॉसचा फायबर सिमेंटचा. छाप पुसला गेला असेल तर तो ॲस्बेस्टॉसच आहे असं धरून चाला. डोळ्यांनी बघून दोन्ही सारखेच दिसतात, मिस्त्रीने "हा तसला नाहीये" म्हटलं तरी त्यालाही बघून कळत नसतं.

आणि नुसते पत्रेच नसतात हो. आम्ही कमिटीचे तिघं एका रविवारी वहीपेन घेऊन अख्खी सोसायटी फिरलो तेव्हा काय काय निघालं बघा. पार्किंगचे पत्रे तर होतेच, पण गच्चीवरच्या लिफ्टरूमला जोडून कुणीतरी केलेली शेड, तळमजल्यावरच्या दोन दुकानांच्या मागचं छप्पर, डक्टमधले जुने करड्या रंगाचे सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे सिमेंटचे पाइप, गच्चीवर कोपऱ्यात पडून असलेली जुनी सिमेंटची टाकी, मीटररूममध्ये मीटरच्या मागे लावलेला सपाट बोर्ड, वॉचमनच्या खोलीचं सपाट शीटचं सीलिंग. जुन्या लिफ्टच्या ब्रेकच्या लायनिंगमध्येही असू शकतं, तेही लिहिलं. इमारतीत बॉयलर, जुनी भट्टी, एसी प्लँट असं काही असेल, म्हणजे जुनं हॉटेल, हॉस्पिटल, हडपसर-भोसरीकडची छोटी कारखान्याची शेड, तर तिथल्या पाइपावरचं पांढरं लगद्यासारखं किंवा दोरीसारखं गुंडाळलेलं इन्सुलेशन सगळ्यात धोक्याचं. ते हाताने चुरगळतं, सिमेंटमध्ये बांधलेलं नसतं, त्याला सोसायटीच्या पातळीवर हातच लावायचा नाही. त्यासाठी इंडस्ट्रियल काम करणारी अनुभवी एजन्सीच लागते.

या फिरण्याचा कागद करा. जागा, वस्तू, अंदाजे किती, फुटलंय का चांगलं आहे, आणि फोटो. एवढा एक तक्ता झाला की तुमचा सर्व्हे झाला म्हणायला हरकत नाही, अर्थात कामचलाऊ. खात्री हवी असेल तर तुकडा लॅबमध्ये द्यायचा. एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाची, मान्यता असलेली, बल्क नमुन्यात म्हणजे वस्तूच्याच तुकड्यात ॲस्बेस्टॉस तपासणारी लॅब शोधा, ते खास मायक्रोस्कोपखाली धागा बघून सांगतात. नमुना घेताना जागा पाण्याच्या फवाऱ्याने भिजवायची, चांगला मास्क घालून आधीच तुटलेल्या कडेचा नाण्याएवढा तुकडा पकडीने अलगद काढायचा, झिपच्या पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत, वर जागेचं नाव, आणि जिथून काढला तिथे थोडा रंग किंवा सीलंट लावून टाकायचा. नवीन ताजं भोक पाडून नमुना घ्यायचा नाही.

आता मुख्य भाग, कागदाचा. रिडेव्हलपमेंट असेल तर पीएमसी नेमतात, म्हणजे इथे महापालिका नव्हे, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट. त्याला पहिल्याच मीटिंगला तो तक्ता द्या आणि सांगा की हा टेंडरला जोडायचा. बहुतेकांना हा विषय नवीन असतो, आमच्याही कन्सल्टंटने "एवढं कुणी करत नाही" म्हटलं, पण तक्ता फोटोंसकट समोर ठेवल्यावर नाही म्हणाला नाही. साधं पत्रे बदलायचं काम असेल तर फॅब्रिकेटरच्या कोटेशनवरच अटी लिहून घ्या, मग सही. पाडकाम बहुतेक वेळा बिल्डर तिसऱ्यालाच देतो, तो भंगाराच्या हिशोबावर काम घेतो, लोखंड-दारं-खिडक्या विकून त्याचे पैसे सुटतात, आणि पत्रा फोडून डंपरमध्ये भरणं हे त्याला सगळ्यात स्वस्त पडतं. म्हणून ॲस्बेस्टॉसचं काम पाडकामाच्या रकमेत मिसळू देऊ नका. वेगळी आयटम, वेगळा दर, आणि पैसे कचरा योग्य जागी पोचल्याचा कागद आल्यावरच. आमच्या अनुभवाने ही एक अट बाकी दहा अटींपेक्षा जास्त काम करते.

आम्ही जनरल बॉडीत केलेला मसुदा देतो, हवा तसा बदलून घ्या:

"जोडलेल्या तक्त्यातील सर्व ॲस्बेस्टॉसयुक्त वस्तू इमारतीच्या कोणत्याही भागाच्या पाडकामापूर्वी, यंत्र न लावता, अखंड स्वरूपात उतरविण्यात येतील. ग्राइंडर, कटर, ड्रिल व घण यांचा वापर या वस्तूंवर करता येणार नाही. काम ओल्या पद्धतीने होईल. कामगारांना योग्य मास्क, पूर्ण अंगाचे कपडे व हातपाय धुण्याची सोय ठेकेदार स्वखर्चाने देईल. उतरविलेला माल इतर राडारोड्यात मिसळता, विकता अथवा कोणाला देता येणार नाही. वाहतूक व विल्हेवाटीची कागदपत्रे सोसायटीस सादर केल्यानंतरच या कामाची रक्कम दिली जाईल. अट मोडल्यास सोसायटीस काम थांबविण्याचा अधिकार राहील."

काम थांबवण्याचा अधिकार हे शेवटचं वाक्य बिल्डर काढायला सांगतो. काढू नका. आणि थांबवणारा माणूस कोण हे नावानिशी ठरवा, तो त्या दिवशी सुट्टी काढून साइटवर हवा.

दिवस ठरवताना पण विचार करा. पुण्यात सगळे पत्र्यांचं काम मेमध्ये काढतात, पावसाच्या तोंडावर, घाईघाईत, दुपारी वळवाचा वारा सुटलेला असतो आणि शाळांना सुट्टी म्हणून सगळी पोरं पार्किंगमध्ये. याच्याहून वाईट मुहूर्त नाही. पावसाळ्यात शेवाळाने पत्रा निसरडा होतो तेही नको. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत, सकाळी, वारा पडलेला असताना, पोरं शाळेत गेल्यावर, असं बसवा. आदल्या दिवशी नोटीस लावा, गाड्या हलवा, वाळत घातलेले कपडे काढायला सांगा, त्या बाजूच्या खिडक्या बंद, एसी बंद. शेजारच्या सोसायटीलाही सांगा. वॉचमनच्या कुटुंबाला त्या दिवशी दुसरीकडे बसायची सोय करून द्या, हे मी मुद्दाम लिहितोय कारण नोटिशीत "सर्व सभासदांना" असं लिहितो आपण आणि ते लोक त्यात धरलेच जात नाहीत.

प्रत्यक्ष काढताना. आधी पार्किंगची लाइट मेनपासून बंद करा, पाणी मारायचंय. खाली जाड प्लास्टिक अंथरा, भोवती दोरी किंवा पट्टी बांधून जागा अडवा. पाण्यासाठी शेतात औषध मारायचा पाठीवरचा पंप असतो ना तो उत्तम, पण नवीन घ्या, औषधाचा वापरलेला नको. पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड टाकलं की पाणी पत्र्यात मुरतं, नुसतं पाणी वरून ओघळून जातं. गाडी धुवायचा प्रेशर जेट मारायचा नाही, त्याने पृष्ठभाग खरवडला जाऊन सगळा चिखल भिंतींवर उडतो, तो वाळला की परत धूळ. फवारा हळू, आणि काम चालू असेपर्यंत परत परत.

पत्र्यावर पाय द्यायचा नाही. हे ॲस्बेस्टॉसशिवायचं पण तितकंच मोठं आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक मोडतो, माणूस सरळ खाली येतो, ओला असेल तर घसरतोही. शक्य असेल तिथे खालून परांची बांधून काढा, वर जावंच लागलं तर दोन-तीन लोखंडी पर्लिनवर, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या दांड्यांवर, टेकेल अशी रुंद फळी टाकून तिच्यावरूनच, आणि कमरेला बेल्ट, तो पत्र्याला नाही तर पक्क्या लोखंडाला अडकवलेला. मोठा तीन मीटरचा पत्रा चाळीस किलोच्या घरात जातो, तो एकट्याने धरायचा प्रकार नाही, दोन वर दोन खाली असे चौघं लागतात.

पत्रे धरून ठेवणाऱ्या इंग्रजी 'J' आकाराच्या हुकांचे नट बहुतेक गंजून बसलेले असतात. इथेच पोरं ग्राइंडर काढतात किंवा पत्र्याला हातोडा मारून हुकातून फाडून काढतात. त्याऐवजी हुकाभोवती भरपूर पाणी मारून बोल्ट कटरने हुक तोडायचा, लोखंड तुटलं पाहिजे, पत्रा नाही. शेवटचा लावलेला पत्रा पहिला निघतो, ओव्हरलॅपमध्ये साचलेली धूळ असते तिथे जास्त पाणी. निघालेला पत्रा हातोहात खाली, फेकायचा नाही, घसरवायचा नाही. खाली आला की अख्खाच्या अख्खा प्लास्टिकमध्ये, हजार गेजची शीट, दोन थर, टेपने बंद, वर ठळक मराठी-हिंदीत "ॲस्बेस्टॉस, फोडू नका" लिहायचं. फुटलेले तुकडे ओले करून जाड पिशवीत, पिशवी अर्धीच भरायची नाहीतर कडांनी फाटते. पन्हाळीतला गाळ विसरू नका, वर्षानुवर्षं पत्र्यावरून धुऊन आलेलं सगळं त्यात बसलेलं असतं, तो ओला असतानाच खुरप्याने काढून पिशवीत.

मास्कबद्दल. रुमाल, कोविडमधले निळे सर्जिकल मास्क, कापडी मास्क यांचा शून्य उपयोग. एफएफपी३ मास्क किंवा रबरी हाफ मास्कला पी१०० फिल्टर, हे हार्डवेअर-सेफ्टीच्या दुकानांत मिळतात. रबरीच घ्या असं मी म्हणेन, तो तोंडावर नीट बसतो. दाढी असेल तर कुठलाच नीट बसत नाही, कडेने हवा आत जाते, त्या दिवशी दाढी केलेला माणूस वर पाठवा. अंगात टोपीवाला डिस्पोजेबल सूट, हातात मोजे, पायात लेस नसलेले गमबूट. काम संपल्यावर सूट उलटा गुंडाळत काढायचा, तोही त्याच पिशवीत, मास्क सगळ्यात शेवटी काढायचा, मग हात-तोंड धुवायचं. त्या कपड्यांत घरी जायचं नाही. कारखान्यांत काम करणाऱ्यांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. ठेकेदार म्हणतो पोरं मास्क घालत नाहीत, गरम होतं. खरंय, गरम होतं. म्हणून सकाळची वेळ, दर तासाभराने सावलीत सुट्टी, आणि काम एका दिवसाऐवजी दोन दिवसांत. त्या जास्तीच्या दिवसाचे पैसे सोसायटीने द्यावेत, मला तरी त्यात काही चुकीचं वाटत नाही. चहा-तंबाखू-जेवण सगळं दोरीच्या बाहेर.

झाल्यावर सुका झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, त्याच्या पिशवीतून बारीक धागा परत हवेत येतो. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, इंडस्ट्रियल व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर फरशी, पर्लिन, खिडक्यांचे कठडे ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडकी पिशवीत टाकायची, धुऊन परत वापरायची नाहीत. खालचं प्लास्टिकही आतल्या बाजूला गुंडाळून कचऱ्यातच. मोठं किंवा बंद जागेतलं काम असेल तर हवेचा नमुना घेऊन धागे मोजून घेता येतात. आपल्या फॅक्टरी कायद्याच्या तक्त्यात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची मर्यादा एक मिलिलिटर हवेत १ धागा अशी होती, अमेरिकेत ती ०.१ आहे, म्हणजे दहापट कडक. रिपोर्टमध्ये "मर्यादेत" असं लिहून आलं तर कुठल्या मर्यादेत ते विचारा.

आता कचरा, आणि सगळे इथेच अडकतात. वाघोलीला महापालिकेचा राडारोड्याचा प्रकल्प आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला, पण तिथे राडारोडा दळून त्याची वाळू, पेव्हर ब्लॉक करतात. त्यात पत्रा गेला तर तोही दळला जाणार, म्हणजे इतकं जपून अख्खा उतरवलेला पत्रा तिथे पीठ होऊन हवेत जाणार. राडारोड्यात तो एक तुकडाही जाता कामा नये. घातक कचऱ्याची जागा रांजणगाव एमआयडीसीत आहे, तिथे असा कचरा घेऊन बंदिस्त लँडफिलमध्ये पुरायची सोय असते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, पण ती मुख्यतः कारखान्यांच्या उत्पादनावर बेतलेली आहे, त्यामुळे सोसायटी म्हणून गेलात की "तुमचा परवाना नंबर काय" असा प्रश्न येतो. आमचा मार्ग असा की कन्सल्टंटच्या लेटरहेडवर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वाकडेवाडीच्या कार्यालयात पत्र द्यायचं, किती माल, कुठला, कधी निघणार, विल्हेवाटीसाठी मार्गदर्शन द्या, आणि पोच घ्यायची. त्याचबरोबर रांजणगावला थेट विचारणा करायची. हे पाडकामाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा, माल खाली येऊन पडल्यावर नाही. वाहतूक त्यांच्या मान्य गाडीतूनच, आणि फॉर्म १० चा मॅनिफेस्ट घ्या, माल कुणी दिला, कुणी नेला, कुणी घेतला याच्या सह्या त्यावर असतात. पैसे याच कागदावर सोडायचे म्हणालो ते हेच.

छोटा हत्ती करून "मी बघतो कुठे टाकायचं ते" म्हणणाऱ्याला माल देऊ नका, तो नदीपात्रात नाहीतर एखाद्या टेकडीच्या कडेला जातो. अख्खे चांगले पत्रे निघाले की गोठ्याला, झोपडीला, गावच्या शेडला द्या म्हणून विचारणारे पण येतात. द्यायचा मोह होतो कारण खरंच गरज असते समोरच्याला. पण तिथे तो परत ड्रिल होणार, कापला जाणार, आणि आग लागली तर हे पत्रे तापून फटाक्यासारखे फुटतात. आणि तुकडे रोजच्या कचऱ्यात, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या ढकलगाडीत, कधीच नाही, त्या हाताने वेगळं करतात.

फ्लॅटमधलं रिनोव्हेशन हा वेगळा विषय आहे आणि माझ्या मते पुण्यात सगळ्यात जास्त धूळ तिथेच उडत असेल. बाथरूम नवीन करताना प्लंबर डक्टमधला जुना सिमेंटचा पाइप हातोड्याने फोडून खाली पाडतो. त्या डक्टमध्ये सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, एक्झॉस्ट फॅन तिथेच. चौथ्या मजल्यावर फुटलेला पाइप पहिल्या मजल्यावरच्या आजी श्वासात घेतात. यावर उपाय म्हणजे सोसायटीच्या रिनोव्हेशनच्या परवानगीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, की डक्टमधल्या जुन्या सिमेंट पाइपला हात लावायच्या आधी कमिटीला कळवायचं. मग त्या दिवशी सगळ्यांच्या खिडक्या बंद, पाइप ओला करून सांध्याला सोडवून पूर्ण लांबीचा दोरीने खाली, सांधा सुटत नसेल तर ओला कपडा गुंडाळून हाताच्या करवतीने सावकाश, वरून कुणीतरी सतत पाणी मारत. जुना पाइप अडचण करत नसेल तर दोन्ही तोंडं बंद करून तो तसाच भिंतीला राहू द्या आणि शेजारून नवीन पीव्हीसी टाका, हे मला सगळ्यात आवडलेलं उत्तर, फक्त त्यावर रंगाने खूण करा आणि तक्त्यात नोंदवा म्हणजे पुढचा प्लंबर फोडणार नाही.

कागदपत्रं फेकू नका. सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना सांगितलंय की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षं, जे नंतर असेल तोपर्यंत ठेवायची. तो आदेश सोसायटीला लागू नाही, पण त्यामागचं कारण लागू आहे, आजार तेवढ्या उशिरा येतो. काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, तारीख, काय काम केलं हे एका पानावर लिहून त्याची एक प्रत त्याच्या हातात द्या. पुढे कधी दम लागायला लागला तर डॉक्टरला दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असेल, नाहीतर डॉक्टर विचारतात काय काम करता आणि तो सांगतो बिगारी. एखाद्या दिवशी थोडी धूळ नाकात गेली म्हणून लगेच एक्स-रे काढायला धावू नका, त्यात काही दिसत नाही, धोका वाढतो तो वारंवार आणि जास्त धूळ घेतल्याने, म्हणजे रोज हेच काम करणाऱ्यांना.

आणि शेवटी, शेजारची बिल्डिंग आत्ताच पडतेय, वर पत्रे तसेच आहेत आणि पोकलेन आलाय, असं असेल तर काय. आधी खाली जा, मुकादमाला शांतपणे सांगा की पत्रे आधी हाताने उतरव, आणि निदान पाणी मार, बऱ्याचदा तो पाण्याचा टँकर मागवायला तयार होतो कारण धुळीच्या तक्रारी त्यालाही नको असतात. ऐकलं नाही तर तारीख-वेळेसकट फोटो काढा, त्या साइटच्या बोर्डवरचं बिल्डरचं नाव आणि परवानगीचा नंबर टिपा, आणि तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात, महापालिकेच्या बांधकाम विभागात आणि प्रदूषण मंडळाला एकाच दिवशी तीच तक्रार लेखी द्या, महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर पण टाका म्हणजे टोकन नंबर मिळतो. तोपर्यंत त्या बाजूच्या खिडक्या बंद, बाल्कनीतले कपडे आत, आणि संध्याकाळी कठडे झाडायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं बांधून टाकायचं.